जटायूच्या वंशजांची शिरगणती

आश्विन लागला, पावसाळी ढग पांगले आणि आकाश धुतल्यासारखे निवळले की उत्तर गोलार्धातील लक्षावधी शिकारी पक्षी आपले उन्हाळी मुलूख सोडून दक्षिणेकडे निघतात. गरुड, ससाणे, श्येन, भोवत्या, गिधाडे अशा नाना कुळांचे हे प्रवासी आकाशात विखरून उडत नाहीत. डोंगरावर आदळून वर चढणारा वारा आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारी उष्ण हवा यांच्या आधाराने, पंख फारसे न हलवता, ते शेकडो कोस तरंगत जातात. साहजिकच पर्वतांच्या धारा हे त्यांचे राजमार्ग ठरतात. अशा राजमार्गाच्या कडेला एखादा माणूस दुर्बीण आणि वही घेऊन बसला, तर अफाट मुलखातील पक्ष्यांची शिरगणती तो एका जागेवरून करू शकतो. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा छंद वाटेल. परंतु या छंदाने एका राष्ट्राचे डोळे कसे उघडले आणि तो नसल्याची केवढी किंमत आपण मोजली, हे आपल्या समाजाने समजून घेण्याची वेळ आली आहे.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अॅपलेशियन पर्वतरांगेतील किटाटिनी नावाची एक लांबलचक धार आहे. तिच्यावरील सुमारे दीड हजार फूट उंचीच्या एका कड्यावरून शरदात हजारो शिकारी पक्षी जातात. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथे जमणारी माणसे पक्षी पाहण्यासाठी येत नसत. ती बंदुका घेऊन येत. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचा आणि सशांचा वैरी, त्याला मारणे हे पुण्यकर्म, अशी तेथील सर्वसाधारण समजूत होती. 1929 साली तर राज्याच्या शिकार खात्याने गॉसहॉक जातीच्या प्रत्येक मेलेल्या पक्ष्यामागे पाच डॉलरचे इनामही लावले. 1932 साली रिचर्ड पॉ या तरुणाने त्या डोंगरावर पडलेल्या मृत पक्ष्यांच्या राशींची छायाचित्रे काढली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतून आलेल्या न्यूयॉर्कच्या रोझली एज यांच्या कानावर ही हकिगत गेली. निषेधाची पत्रके काढून त्या थांबल्या नाहीत. 1934 साली त्यांनी ती 1400 एकरांची डोंगराळ जमीनच भाडेपट्ट्याने घेतली, पुढे ती विकत घेऊन 1938 मध्ये एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केली आणि मॉरिस ब्राउन व त्यांच्या पत्नी अर्मा यांना राखणदार म्हणून तेथे नेमले. हेच आजचे हॉक माउंटन अभयारण्य.

राखणदाराचे काम बंदुकधाऱ्यांना अडवण्याचे. ब्राउन यांनी त्याला आणखी एका कामाची जोड दिली. त्या पहिल्याच शरदात कड्यावर बसून ते डोक्यावरून जाणारा प्रत्येक शिकारी पक्षी मोजू लागले. कोणती जात, प्रौढ की अल्पवयीन, वारा कोणत्या दिशेचा, हवा कशी, सारे वहीत उतरू लागले. दुसऱ्या महायुद्धाची तीन वर्षे वगळता ती नोंद आजपर्यंत चालू आहे. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत कोणी ना कोणी त्या खडकावर बसलेलेच असते. सप्टेंबरच्या मध्यास रुंद पंखांच्या हॉक पक्ष्यांचे थवे उष्ण हवेच्या भोवऱ्यात गोल गोल वर चढतात आणि मग एकामागून एक दक्षिणेकडे घसरत जातात. नोव्हेंबरात सोनेरी गरुडांची वेळ येते. एका हंगामात सरासरीने सुमारे अठरा हजार पक्ष्यांची नोंद होते. मोजणाऱ्यांत पगारी शास्त्रज्ञ थोडे आणि शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त नोकरदार असे स्वयंसेवक पुष्कळ.

या वहीचे मोल कळायला पाव शतक जावे लागले. पांढऱ्या डोक्याचा गरुड हे अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह. तो दीर्घायुषी पक्षी असल्याने प्रौढ गरुड आकाशात दिसत राहतात आणि सारे काही ठीक चालले आहे असे पाहणाऱ्याला वाटते. ब्राउन यांच्या वहीने मात्र निराळेच सांगितले. 1935 ते 1939 या काळात तेथून गेलेल्या गरुडांपैकी 40 टक्के त्या वर्षीची पिल्ले होती. 1955 ते 1959 या काळात हे प्रमाण 20 टक्क्यांवर आले आणि 1957 साली तर 32 प्रौढांमागे केवळ एक पिल्लू दिसले. गरुड होते, पण त्यांची पुढची पिढी नव्हती. रेचेल कार्सन यांनी 1962 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात डीडीटीविरुद्धचा पुरावा म्हणून हे आकडे मांडले. डीडीटीचा अंश अन्नसाखळीतून शिकारी पक्ष्याच्या शरीरात साठतो, त्यामुळे अंड्याचे कवच पातळ होते आणि उबवण्यापूर्वीच अंडे फुटते, हे पुढील काही वर्षांत सिद्ध झाले. 1972 साली अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली. 2007 मध्ये पांढऱ्या डोक्याचा गरुड संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला.

या घटनाक्रमातील एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. डीडीटीचा कीटकनाशक गुण 1939 साली उघड झाला. ब्राउन यांची वही 1934 मध्ये सुरू झालेली होती. ज्या संकटाची कोणाला कल्पनाही नव्हती, त्याच्या विरुद्धचा पुरावा पाच वर्षे आधीपासून शाईने लिहिला जात होता. संकट आल्यावर सुरू केलेली मोजणी फक्त पडझड मोजते. मूळ इमारत केवढी होती हे सांगायला आधीची नोंद लागते.

आता आपल्याकडे वळू. आमच्या परंपरेत शिकारी पक्ष्याला जे स्थान आहे, ते क्वचितच अन्य कोठे असेल. गरुड हे साक्षात विष्णूचे वाहन. सीतेला सोडवण्यासाठी रावणाशी झुंजून पंख गमावणारा जटायू गिधाडांच्या कुळातला आणि त्याचा अंत्यसंस्कार प्रभू रामचंद्रांनी पित्याच्या मानाने केला. ज्या पक्ष्याला पाश्चात्त्यांनी चोर ठरवून इनामे लावली, त्याला आम्ही पूज्य मानले, याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु आदराबरोबर येणारी जबाबदारी आम्ही पार पाडली काय, हा प्रश्न स्वतःला विचारला की मान खाली जाते.

1980 च्या दशकात भारताच्या आकाशात गिधाडे कोट्यवधींच्या संख्येने होती. गावाबाहेरच्या हाडोळ्यावर ती जमत आणि मेलेले जनावर काही तासांत स्वच्छ करीत. कोणी मोजावे असे त्यांच्यात काही आहे, हे कोणाला वाटले नाही. जे फार असते त्याची गणती कोणी करीत नाही. सुदैवाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1990 ते 1993 या काळात शिकारी पक्ष्यांची देशव्यापी पाहणी करून ठेवली होती. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. दशकभराने ते पुन्हा तेथे गेले तेव्हा घरटी निम्म्याहूनही कमी झालेली आढळली. जुन्याच मार्गांवरून 2000 साली देशभरची पाहणी पुन्हा केली गेली आणि गिधाडांची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध गिधाडांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 साली उघड झाले. 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतील हजारातले एखाद-दुसरेच उरले होते.

1993 ची पाहणी नसती तर ही घट सिद्ध करणेही कठीण गेले असते. पण 1993 आणि 2000 या दोन पाहण्यांच्या मध्ये जी सात वर्षे गेली, तीच गिधाडांच्या संहाराची वर्षे होती. त्या काळात दर वर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने देशभर मोजणी होत असती, तर धोक्याची घंटा कितीतरी आधी वाजली असती. ही हानी फक्त पक्ष्यांची आहे असे समजू नये. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला आहे, की गिधाडे नाहीशी झाल्याने उद्भवलेल्या रोगराईपायी 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हरियाणातील पिंजोर येथे जटायूच्याच नावाने चालणाऱ्या केंद्रात आज गिधाडांची पैदास कष्टाने करावी लागते आहे. वहीतील नोंदीचा खर्च आणि या विलंबाचा खर्च, यांची तुलना वाचकांनीच करावी.

हे झाले गेल्याचे. पुढचे काय? हिमालयाच्या दक्षिण उतारावरून दर शरदात गरुडांचा एक प्रचंड प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वाढणारा स्टेप गरुड हा त्यातील मुख्य यात्रिक. नेपाळात अन्नपूर्णेच्या पायथ्याशी थुलाखर्क येथे 2012 पासून त्यांची शरदातील मोजणी सुरू झाली. आपल्या धर्मशाळेजवळ, धौलाधारच्या कुशीत, 2001 च्या शरदात एका डच अभ्यासकाने हजारो स्टेप गरुड मोजले होते. म्हणजे हा राजमार्ग आपल्याच दारावरून जातो. 2015 साली स्टेप गरुडाची गणना जगातील संकटग्रस्त जातींत झाली. राजस्थानातील जनावरे टाकण्याच्या जागेवर मरून पडलेल्या दोन स्टेप गरुडांच्या शरीरात डायक्लोफेनॅक आढळल्याचे 2014 साली प्रसिद्ध झाले आहे. ज्या विषाने गिधाडे गेली, तेच या पाहुण्यांच्याही ताटात पडते आहे. किती पाहुणे येतात आणि त्यांत कोवळ्या वयाचे किती, हे दर वर्षी मोजल्याखेरीज आपल्याला कसे कळणार? शिकारी पक्ष्यांच्या रक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर भारताने 2016 साली स्वाक्षरी केली आहे. त्या स्वाक्षरीला अर्थ यायचा तर डोंगरावर माणूस बसला पाहिजे.

उपग्रहांच्या युगात माणसाने कड्यावर बसून बोटे मोजायची काय गरज, असा आक्षेप कोणी घेईल. नागालँडमधील दोयांग जलाशयापाशी 2012 साली जाळी लावून लक्षावधी अमूर ससाणे मारले गेले. त्याचा बोभाटा झाला, ग्रामसभा आणि चर्च यांनी मनावर घेतले आणि पुढच्याच वर्षी ही हत्या थांबली. 2013 मध्ये नागा, पांगती आणि वोखा अशी नावे ठेवून तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवण्यात आली. त्यांनी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठल्याचे साऱ्या जगाने पाहिले. ते काम मोलाचेच आहे. परंतु यंत्र एका पक्ष्याचा मार्ग सांगते. त्याच्यासोबत किती निघाले आणि गेल्या वर्षीपेक्षा किती कमी, हे सांगण्याची सोय त्यात नाही. ती बेरीज माणसानेच करायची आहे.

दुसरा आक्षेप असा, की एखाद्या वर्षी वारा फिरला तर पक्षी दुसऱ्या वाटेने जातात, मग आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? एका वर्षाच्या आकड्यावर ठेवूच नये. दहा, वीस, पन्नास वर्षांची नोंद झाली की वाऱ्याचे चढउतार मागे पडतात आणि खरा कल वर येतो. अमेरिकेत छोट्या केस्ट्रेल ससाण्याची घट अशाच दीर्घ नोंदींतून ध्यानी आली. म्हणूनच या कामाला हौसेपेक्षा नेमाची गरज अधिक. नेम म्हणजे काय, हे ज्या समाजात चातुर्मासाची व्रते आणि आषाढीची वारी पिढ्यान् पिढ्या चालते, त्याला शिकवायला नको. ठरलेली जागा, ठरलेले आठवडे, ठरलेली वेळ आणि एकही पक्षी न दिसला तरी तो शून्य प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, एवढाच हा नेम आहे.

महाराष्ट्राला तर यात विशेष वाव आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात अमूर ससाणे आल्याच्या नोंदी पक्षिनिरीक्षकांनी केल्या आहेत. दख्खनच्या माळरानांवर हिवाळा काढण्यासाठी मध्य आशियातून भोवत्या येतात. रविवारी गडकोटांवर चढणाऱ्या तरुणांची संख्या आपल्याकडे हजारांत आहे. हिमाचल आणि उत्तराखंडात एकेक, सह्याद्रीच्या धारेवर दोन-तीन ठिकाणे निश्चित करून तेथे महाविद्यालये, गिर्यारोहण मंडळे आणि वन विभाग यांनी मिळून दर शरदात मोजणी करावी. नोंदी सर्वांना खुल्या ठेवाव्यात आणि त्यांची जबाबदारी एखाद्या व्यक्तीच्या उत्साहावर न सोडता संस्थेवर टाकावी. याला लागणारा पैसा एखाद्या मध्यम गावाच्या उत्सवाच्या मांडवखर्चाहून अधिक नसेल. लागेल ती चिकाटी.

जटायूने रावणाला पाहिले, ओळखले आणि रामचंद्रांना दिशा सांगितली. शेवटच्या श्वासापर्यंत पहारा करून खबर देणारा तो पहारेकरी होता. त्याचे वंशज आजही तेच करीत आहेत. भूमीत आणि पाण्यात विष कोठे भिनले, याची पहिली खबर अन्नसाखळीच्या टोकाशी बसलेले हे पक्षी स्वतःचे प्राण देऊन देतात. ती खबर ऐकायला येत्या आश्विनात कोणीतरी दुर्बीण आणि वही घेऊन डोंगराच्या धारेवर हजर असावे.