शाखांतराची शिक्षा

पदवीच्या पहिल्या वर्षाचे निकाल लागू लागले की महाविद्यालयांच्या कार्यालयांत एक वेगळी गर्दी दिसू लागते. ही नव्या प्रवेशाची गर्दी नव्हे. खिडकीशी उभा असलेला मुलगा अभियांत्रिकीचा असतो आणि त्याला अर्थशास्त्र शिकायचे असते. मुलगी बीएस्सीची असते आणि तिला कायद्याकडे वळायचे असते. सोबतचे वडील एक तर गप्प असतात किंवा जरा जास्तच बोलत असतात. आतून मान वर न करता उत्तर येते, 'आधी इथून एलसी काढा. मग तिकडे मायग्रेशन, एलिजिबिलिटी. आणि बसावं लागेल फर्स्ट इयरलाच.' यात कारकुनाचा दोष नाही. त्याच्या टेबलावर जे नियम आहेत, तेच तो सांगतो. नियमांच्या वर, मंत्रालयात आणि दिल्लीत, गेली काही वर्षे जे सांगितले जात आहे ते मात्र अगदी उलट आहे.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला शिक्षणातून वेगवेगळ्या टप्प्यांवर बाहेर पडण्याची, परत येण्याची आणि विषय बदलण्याची मोकळीक देण्याचे वचन दिले. त्यासाठी जुलै 2021 मध्ये श्रेयांकांची बँक, म्हणजे 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स', सुरू झाली. महाराष्ट्रात हे धोरण आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत आले. आता परीक्षेचा अर्ज भरताना एबीसी आयडी विचारला जातो आणि कमावलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतील, असे सांगितले जाते. जमा झालेली क्रेडिट्स स्वीकारायची की नाही, हे मात्र घेणाऱ्या विद्यापीठाने ठरवायचे. पासबुकात रक्कम दिसते, पण दुसऱ्या गावच्या खिडकीवर ती कुणी हातावर ठेवत नाही, अशी ही बँक आहे.

याच धोरणात एक गंमतही आहे. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून जाणाऱ्याची सोय त्यात नीट केलेली आहे: 40 ते 44 क्रेडिट्स आणि वर चार क्रेडिट्सचा कौशल्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळते. तेवढीच क्रेडिट्स मिळवून, शिक्षण न सोडता फक्त दिशा बदलू पाहणाऱ्याच्या हाती मात्र पुन्हा पहिल्या वर्षाचा अर्ज येतो. निघून जाणाऱ्याला कागद आणि थांबणाऱ्याला दंड, असा हा हिशेब आहे.

विद्यार्थी चुकीच्या जागी पोहोचतात कसे, हेही पाहायला हवे. अभियांत्रिकीच्या कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत 300 पर्यंत पसंतीक्रम भरता येतात. सतरा-अठरा वर्षांचे पोर सायबर कॅफेत किंवा क्लासवाल्या सरांच्या शेजारी बसून महाविद्यालयांचे आणि शाखांचे कोड टाकत जाते. पर्सेंटाइल कुठे बसतो, गेल्या वर्षीचा कटऑफ किती होता, एवढ्यावर सिव्हिल की मेकॅनिकल ठरते. सिव्हिल इंजिनीअर दिवसभर करतो काय, हे त्याने कधी पाहिलेले नसते. दुसरीकडे, लातूर-नांदेडच्या पट्ट्यात 'गॅप दिसू नये' म्हणून बीएस्सीला नाव घालून 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची पुन्हा तयारी करणारी मुले आहेत. पुन्हा अपेक्षित गुण पडले नाहीत की ज्या बीएस्सीत मन कधीच नव्हते, तीच गळ्यात पडते. अशा मुलाने वर्षभराने 'हे माझे नव्हे' म्हटले तर ती धरसोड नव्हे. बारावीत जे कळायला वाव नव्हता, ते त्याला कळले, एवढेच.

दिशा बदलण्याचे एक मोठे उदाहरण म्हणजे शास्त्रज्ञ व्यंकटरामन रामकृष्णन. त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, अमेरिकेत त्याच विषयात पीएचडी केली आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायला ते सॅन दिएगोत पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. 2009 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडचा एखादा प्रवेश-नियंत्रक त्यांना बहुधा आधी गॅप सर्टिफिकेट मागता.

क्रेडिट्स न स्वीकारण्यामागे विद्यापीठे समकक्षतेचे कारण देतात. ते सर्वस्वी खोटे नाही. वाणिज्य शाखेचा लेखाशास्त्राचा पेपर रसायनशास्त्राच्या पदवीत कुठे बसवायचा, हा प्रश्न खराच आहे. पण पर्यावरण, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे पेपर नव्या रचनेत जवळपास सगळ्याच शाखांना आहेत. एकाच विद्यापीठात शाखा बदलणाऱ्याने तेच पेपर पुन्हा का द्यावेत, याचे पटेल असे उत्तर कुणाकडे नाही. अभियांत्रिकीत पहिल्या वर्षी दोन सत्रे गणित शिकून आलेल्याला बीएस्सीत त्याची काहीच सूट मिळू नये, हेही असेच. शिवाय समकक्षता ठरवणे यंत्रणेला जमत नाही, असे थोडेच आहे? पदविकाधारकांना आणि बीएस्सी झालेल्यांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालू आहे. तिथे जुळवाजुळव होते, कारण तसे ठरवलेले आहे.

पण खरी मेख अभ्यासक्रमात नाही, पैशात आहे. शाखा बदलणे म्हणजे एक वर्ष जाणे, पुन्हा प्रवेश शुल्क, पुन्हा खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे. ऐपत असलेले घर हे सोसते, थोडे कुरकुरते आणि विसरते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाचे काय? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत अशी तरतूद राहिली आहे, की ज्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली तो विषय किंवा संस्था राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीविना बदलली तर शिष्यवृत्ती रद्द करता येते आणि दिलेली रक्कमही वसूल करता येते. वसुलीची ही टांगती तलवार माहीत असलेला मुलगा शाखा बदलण्याचा विचार मनात आला तरी तो बोलून दाखवत नाही. तो एटीकेटी घेत, वायडी होत म्हणजे वर्ष गमावत, कसाबसा पुढे सरकतो. त्याला आळशी म्हणणारे प्राध्यापक भेटतात, पण त्याला परवानगीचा अर्ज कुठे करायचा हे सांगणारा माणूस भेटत नाही. बदलाची मोकळीक ही अशी व्यवहारात पैसेवाल्यांची सवलत होऊन बसली आहे.

दारे मोकळी केली की सगळेच संगणकशास्त्राकडे धावतील, कमी कटऑफच्या जागेवरून मागच्या दाराने आत शिरतील, ही भीती व्यक्त होते आणि ती निराधार नाही. पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून देण्याची सोय काही आयआयटींनी बंद केली ती याच कारणाने. पहिले वर्ष शिकण्याचे न राहता एकमेकांवर मात करण्याचे झाले होते. परंतु हा प्रश्न मागणी असलेल्या मूठभर शाखांचा आहे. तिथे जागांची मर्यादा आणि आरक्षणाचे नियम काटेकोर ठेवावेत. इलेक्ट्रॉनिक्समधून इतिहासाकडे, फार्मसीतून मराठीकडे जाणाऱ्याला अडवून कुणाची गुणवत्ता राखली जाते? कला आणि मूलभूत विज्ञानाचे वर्ग अनेक ठिकाणी रिकामे पडलेले असताना स्वतःहून येणाऱ्या विद्यार्थ्याला तिष्ठत ठेवणे हा शुद्ध करंटेपणा आहे.

विद्यापीठांनी आपापल्या शाखांमधील समान पेपरांची यादी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतच छापावी. ती क्रेडिट्स अर्जाविना वळती व्हावीत. शाखा बदलणाऱ्यांसाठी वेगळे वेळापत्रक लावावे, कारण पहिल्या वर्षाचा निकाल हाती पडेपर्यंत इतरत्र प्रवेशाची मुदत टळून गेली असेल तर बाकी साऱ्या सवलती कागदावरच राहतात. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच बजावले आहे. ते न पाळणाऱ्या महाविद्यालयांना विद्यापीठांनी जाब विचारावा. आणि शिष्यवृत्तीधारकाला पदवीच्या काळात एकदा शाखा बदलण्याची सरसकट परवानगी द्यावी, वसुलीच्या भीतीविना. त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याची गरज नाही. नियमात लिहिलेली ती पूर्वपरवानगी राज्य सरकारनेच द्यायची आहे.