घड्याळ तेच, मनगट दुसरे

शिरूर लोकसभा मतदारसंघात 2019 साली डॉ. अमोल कोल्हे घड्याळावर लढले आणि शिवाजीराव आढळराव पाटील धनुष्यबाणावर. कोल्हे त्या निवडणुकीच्या तोंडावरच शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले होते. 2024 साली समोरासमोर पुन्हा तेच दोघे होते; पण घड्याळ आढळरावांच्या मनगटावर होते, कारण तिकिटासाठी ते शिंदे यांच्या शिवसेनेतून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले होते. पक्ष फुटल्यावर कोल्हे शरद पवारांबरोबर राहिले आणि निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व चिन्ह दुसऱ्या गटाला दिल्यामुळे त्यांच्या वाट्याला तुतारी आली. आधीच्या निवडणुकीत घड्याळाला मत देणाऱ्याने या वेळी एकनिष्ठ राहायचे म्हटले, तर नेमके कुणाशी? या गोंधळाने लोक विटले आहेत आणि त्यावरचे पारावरचे निदान ठरलेले आहे: पक्षीय राजकारण फार झाले, पक्षाचे जोडे बाहेर काढून तालुक्याचे बघा. मला हे निदान उलटे वाटते. शिरूर आणि शेजारच्या दौंडमध्ये पक्ष फार झालेले नाहीत. इथे पक्ष नावाची गोष्टच उरलेली नाही.

दौंड विधानसभेचा हिशेब मांडून पाहावा. 2009 मध्ये रमेश थोरात अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी राष्ट्रवादीच्या राहुल कुल यांना हरवले. 2014 मध्ये थोरात राष्ट्रवादीचे उमेदवार झाले, तर कुल महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाकडून निवडून आले. 2019 मध्ये कुल भाजपचे झाले आणि अवघ्या 746 मतांनी जिंकले. 2024 मध्ये कुल भाजपमध्येच राहिले, पण थोरात अजित पवारांची साथ सोडून तुतारीवर आले. चार निवडणुका, माणसे दोन आणि अपक्ष धरला तर झेंडे पाच. कालव्याच्या पाण्याचे वाटप, मुळा-मुठेतून भीमेत उतरणारे पुण्याचे सांडपाणी, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांचे प्रदूषण यांवर भाजपची भूमिका काय आणि राष्ट्रवादीची काय, हे दौंडच्या मतदाराला सांगता येणार नाही. कुल गटाचे म्हणणे काय आणि थोरात गटाचे काय, हे मात्र तो झोपेतही सांगेल. ज्याला आपण पक्षीय राजकारण म्हणून शिव्या घालतो, ते मुळात गटाचे राजकारण आहे. पक्ष हा त्या गटाने पाच वर्षांसाठी अंगावर घेतलेला भाड्याचा कोट.

हा कोट बदलावा का लागतो, याचे उत्तर स्वभावात कमी आणि उसात जास्त आहे. इथला नेता सहसा नुसता आमदार नसतो. त्याच्यामागे साखर कारखाना, बँक, सोसायट्या असे जाळे असते. थोरात अनेक वर्षे जिल्हा मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष होते, कुल पाटसच्या भीमा कारखान्याचे अध्यक्ष. हा कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि शेवटी निराणी समूहाला चालवायला द्यावा लागला. शिरूरमध्ये न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याची धुराडी थंडावली आणि 2024 च्या विधानसभेचा प्रचार त्याच्याच भोवती फिरला. शरद पवारांबरोबर राहिल्याची शिक्षा म्हणून कर्ज अडवले, असा शिरूरचे तेव्हाचे आमदार अशोक पवार यांचा आरोप होता. कारखाना कारभारामुळे बुडाला, असे अजित पवारांचे उत्तर. खरे कोणाचे, हा निकाल इथे लावायचा नाही. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीतच धरली होती: कारखान्याचे भवितव्य सरकारच्या मर्जीला टांगलेले असते. सरकारी हमी आणि कर्जाची शिफारस मंत्रालयातून सुटते, तिथे विरोधी बाकावर बसणे ही चैन ठरते. नेत्याचा स्वार्थ आणि उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या सभासदाची गरज यांची गाठ इथे पक्की बसते, आणि ‘कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव’ पक्षांतर होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग नेत्याचे चुकले कुठे? सत्तेत गेल्याशिवाय तालुक्याला निधी मिळत नसेल, तर जायलाच हवे. पण हा युक्तिवाद मान्य करणे म्हणजे रस्ता, पाणी आणि कर्ज हे हक्काने नव्हे, मर्जीने मिळते हे मान्य करणे. ज्या तालुक्याचा आमदार विरोधात, त्या तालुक्याने कर कमी भरलेला नसतो. शिवाय सगळेच पंगतीत जाऊन बसले, तर वाढप्याला जाब विचारायला कोणीच उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: लोक वैतागतात आणि मत तर पक्ष बदलणाऱ्यालाच देतात. शिरूर लोकसभेत आढळराव सुमारे 1 लाख 40 हजार मतांनी हरले, हे खरे; पण त्यानंतर काही महिन्यांतच शिरूर विधानसभेत ठाकरे यांच्या शिवसेनेतून अजित पवारांकडे आलेले ज्ञानेश्वर कटके मोठ्या फरकाने निवडून आले. म्हणजे मतदार पक्षांतराला सरसकट शिक्षा देत नाही. द्यावी तरी कशी? दौंडसारखे दोन्ही प्रमुख उमेदवार कोट बदललेले असतील, तर शिक्षेसाठी पर्यायच राहत नाही.

मग पक्षच नकोत, असे म्हणणाऱ्यांनी ग्रामपंचायतीकडे पाहावे. तिथे निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही. तरी प्रत्येक गावात दोन पॅनेल असतात आणि निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक नेता आपल्या ग्रामपंचायतींचा आकडा जाहीर करतो. चिन्ह काढले म्हणून गट जात नाही. उलट त्याला जाब विचारायला जाहीरनाम्याचा कागदही हाताशी राहत नाही. आणि वर सांगितलेल्या पक्षांतरांपर्यंत पक्षांतरबंदीचा कायदाही पोचत नाही. 1985 चे दहावे परिशिष्ट निवडून आलेल्या सदस्याला बांधते. तिकिटासाठी निवडणुकीच्या तोंडावर उडी मारणाऱ्या माजी खासदाराला किंवा माजी आमदाराला नाही. जिथे तो लागू होतो, तिथेही शिवसेनेच्या फुटीवरचा विधानसभा अध्यक्षांचा निकाल यायला दीड वर्ष लागले आणि जानेवारी 2024 मध्ये दोन्ही गटांतले कोणीच अपात्र ठरले नाही.

म्हणून मागणी पक्ष संपवण्याची नव्हे, पक्ष खरा करण्याची हवी. उमेदवार मुंबईतल्या बैठकीत न ठरता तालुक्यातल्या नोंदणीकृत सदस्यांच्या मतदानाने ठरला, तर काल आलेल्याला आज तिकीट मिळणे अवघड होईल. कारखान्यांच्या हमीचे निकष आणि प्रत्येक नकाराचे कारण सरकारने जाहीर केले, तर कोट बदलण्याची निम्मी गरजच संपेल. आणि स्थानिक निवडणुका वेळेवर व्हायला हव्यात. पुणे जिल्हा परिषदेचा कारभार मार्च 2022 पासून वर्षानुवर्षे प्रशासकाकडे राहिला. निवडणुका घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी सांगावे लागले. नवे नेतृत्व जिथे तयार होते, तोच मळा पडीक ठेवला, तर विधानसभेला जुनीच दोन नावे उगवणार.

हे सगळे नेते आपणहून करणार नाहीत, हे उघड आहे. पण दौंडचा 2019 चा निकाल 746 मतांवर लागला होता. एवढी मते एखाद्या मध्यम गावातही असतात. तेवढ्या ऊस उत्पादकांनी ‘आमच्या कारखान्याच्या हमीचा निकष काय?’ हा एकच प्रश्न दोन्ही गटांना लेखी विचारला आणि उत्तराशिवाय मत दिले नाही, तर ‘सगळे सारखेच’ म्हणत घरी बसलेल्या लाखभर लोकांच्या संतापापेक्षा ते जास्त महागात पडेल.