कोकणकिनाऱ्याची परवानगी : अंतर मोजले, घर मोजले नाही

किनाऱ्यावरील बांधकामाचा विषय निघाला की दोन संदेश हमखास फिरू लागतात. पहिला सांगतो, सीआरझेडचा कायदा आज्ञापत्रात तीनशे वर्षांपूर्वीच लिहिलेला होता. दुसरा सांगतो, सीआरझेड हे दिल्लीने कोकणी माणसाच्या मानेवर ठेवलेले जोखड आहे. ते उतरले की मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला आपले घर बांधता येईल. पुष्कळदा हे दोन्ही संदेश एकच व्यक्ती पुढे पाठवते. पहिल्यात नुसते अज्ञान आहे. दुसऱ्यामुळे मात्र अनेकांची घरे आणि सर्वांचा किनारा जाऊ शकतो, म्हणून हा धागा.

आधी आज्ञापत्र. हा ग्रंथ १७१५चा, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखला जाणारा, करवीरच्या संभाजीराजांसाठी सिद्ध झालेला. त्यात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, एक सावध प्रकरण आहे. त्याचे तात्पर्य असे की त्यांना वखारीसाठी जागा देणे भागच पडले, तर ती खाडीलगत वा समुद्रतीरी देऊ नये. काही कोस आत, मोठ्या गावाच्या नजरेखाली, सखल भागात द्यावी. आणि तेथेही पक्की इमारत उभारू देऊ नये.

समुद्रापासून अंतर, बांधकामाचा प्रकार, अर्जदार कोण याची चौकशी : आजच्या परवानगीचे तिन्ही घटक येथे आहेत, हे खरे. पण कारण वेगळे आहे. अमात्यांना कासवांची वा तिवरांची चिंता नव्हती. त्यांना तोफांची चिंता होती. खाडीच्या तोंडाशी बांधलेली वखार आरमाराच्या आश्रयाने किल्ला होते, हे ते ओळखून होते. ती चिंता अनाठायी नव्हती. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही देऊन टाकले. १८१२ च्या तहाने तर मालवणच त्यांच्या हाती गेले. तेव्हा आज्ञापत्रात पर्यावरणाचा कायदा शोधणे म्हणजे तटबंदीला बागेचे कुंपण समजणे होय.

तरीही त्याच ग्रंथातील दुसरे एक कलम आजच्या वादासाठी बहुमोल आहे, आणि संदेश पाठवणारे नेमके तेच अर्धवट वाचतात. आरमारासाठी लाकूड लागते. सागवानासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावी, असे आज्ञापत्र म्हणते. आंबा-फणसही उपयोगाचे आहेत, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याला द्रव्य देऊन, मगच तोडावे.

येथे परवानगी मागणारी बाजू राज्याची आहे आणि देणारी रयतेची. व्यवहारात हे किती पाळले गेले हा स्वतंत्र प्रश्न. ग्रंथातील आज्ञा म्हणजे गावातील वस्तुस्थिती नव्हे. पण आज्ञा देणाऱ्याच्या मनातील गृहीतक स्पष्ट दिसते. परस्थ बलवान असेल तर त्याला पाण्यापासून दूर ठेवावे. स्थानिक दुर्बल असला तरी त्याच्या अंगणातील झाडाला त्याच्या संमतीशिवाय कुऱ्हाड लावू नये.

आता शंभर-सव्वाशे वर्षे पुढे. इंग्रजी अमलात जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू झाली. साखळी आली, सर्व्हे नंबर आले, आकारबंद आला. या मोजणीचा हेतू शेतसारा ठरवणे हा होता. ज्या जमिनीतून सारा येतो ती काटेकोर मोजायची. जेथे लोक राहतात त्या गावठाणावर सारा नाही, म्हणून त्याची आतून मोजणी करण्याची निकडही नाही. परिणामी असंख्य गावांच्या नकाशांत गावठाण हा एक सलग, कोरा तुकडा राहिला. कोणाचे घर कोठे संपते आणि शेजाऱ्याची पडवी कोठे सुरू होते, हे गावाला ठाऊक होते. सरकारी दप्तराला नव्हते.

कोकणात त्यात खोतीची भर पडली. जमीन कोणाच्या नावे, कसतो कोण, माडाखाली घर कोणाच्या अनुमतीने बांधले, याची उत्तरे लेखापेक्षा वहिवाटीत अधिक होती. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली. वहिवाटीचे रूपांतर स्वच्छ कागदात सर्वत्र झाले नाही. मच्छीमारांची अवस्था याहून बिकट. गाबीत वा कोळी कुटुंबाचे घर होडीजवळ हवे, रापण ओढायला वाळू हवी, जाळी वाळवायला मोकळी जागा हवी. त्यामुळे त्यांची वस्ती नेमकी त्या पट्ट्यात वाढली, जो शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी आणि म्हणून दप्तराच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य होता.

या अदृश्य पट्ट्यावर विसाव्या शतकाच्या शेवटी एक रेघ ओढली गेली.

नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या कमाल मर्यादेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवण्यास सांगितले. (त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला होता.) पत्राला कायद्याचे दात नव्हते. ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने दिले, आणि त्याच कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना निघाली.

ग्रामीण किनाऱ्यासाठी तिचा गाभा सोपा होता. भरतीरेषेपासून २०० मीटर ‘ना-विकास क्षेत्र’. २०० ते ५०० मीटरमध्ये परंपरागत हक्क असलेल्या वस्त्यांना आणि गावठाणांना घरे बांधता येतील, मात्र उंची ९ मीटरच्या आत, मजले दोनच. शहरी भागात नवे बांधकाम अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या वा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडील बाजूलाच. आणि ना-विकास क्षेत्रातील जुन्या घराचे काय? त्याची दुरुस्ती करता येईल. जोते वाढवायचे नाही, चटईक्षेत्र वाढवायचे नाही, आणि मूळ बांधकाम ‘अधिकृत’ असले पाहिजे.

सगळी मेख या ‘अधिकृत’ शब्दात आहे. १९९१ च्या अधिसूचनेने मच्छीमाराला त्याच्या घरातून हाकलले नाही. तिने त्याच्याकडे फक्त असा एक कागद मागितला, जो दीडशे वर्षांत कोणत्याही राजवटीने त्याला दिलेला नव्हता.

मालवणसारख्या गावात याचा अर्थ काय होतो? येथील समुद्राचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २०११ च्या अधिसूचनेत मालवणचे नाव अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आले. अशा ठिकाणी आजोबांच्या काळातील चिऱ्याचे घर खचले आणि ते पाडून पुन्हा बांधायचे ठरले, की शोध सुरू होतो तो सातबाऱ्याचा. त्यावर पणजोबांचे नाव असते, किंवा वारसनोंद होऊन तीस-चाळीस सहहिस्सेदार असतात. त्यांतील अर्धे मुंबईत, काही दिवंगत, एखाद्याचा पत्ताच नाही. सर्वांची संमती हवी. जागा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका हवी, आणि नगर भूमापन झालेच नसेल तर ती नसते. घरपट्टीच्या पन्नास वर्षांच्या पावत्या पुढे केल्या तर उत्तर मिळते की कर घेतला म्हणजे बांधकाम अधिकृत ठरत नाही. उत्तर कायद्याने बरोबर आहे, हेच त्यातील दुःख.

मग भरतीरेषा. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मूळ नकाशा १:२५,००० प्रमाणाचा असतो. या प्रमाणात कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील २५ मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ घराच्या खळ्यापासून मागच्या परड्यापर्यंत सगळे झाकून टाकते. त्यासाठीच गावपातळीवर सुमारे १:४,००० प्रमाणाचे नकाशे करण्याची तरतूद आहे. घर रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे मोठ्या प्रमाणाच्या नकाशाशिवाय सांगता येत नाही. स्वतंत्र मोजणी अधिकृत संस्थेकडून करून घेता येते; तिचा खर्च हॉटेलच्या प्रकल्प अहवालात सहज सामावतो, दोन खोल्यांच्या घराच्या अंदाजपत्रकात नाही.

येथे दुसऱ्या संदेशाचे पितळ उघडे पडते. तो म्हणतो, अंतर कमी करा, म्हणजे स्थानिकाची सोय होईल. अंतर वारंवार कमी करून पाहिले गेले आहे. १९९४ च्या दुरुस्तीने नद्या-खाड्यांकाठचे ना-विकास क्षेत्र ५० मीटरपर्यंत आणले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती सवलत रद्द केली. दुरुस्त्या मात्र थांबल्या नाहीत. २०११ पर्यंत त्यांची संख्या पंचवीसच्या घरात गेली होती. १८ जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास क्षेत्र २०० वरून ५० मीटरवर आणले. दाट म्हणजे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता होती १६३. एखादी वस्ती सरासरीहून दाट असणारच, पण विरळ वस्तीच्या तळकोकणाच्या नावाने मागितलेली सवलत कोणाच्या मापाने कापलेली आहे, हे या दोन आकड्यांतून दिसते.

आणि अंतर घटले तरी कागदाची अट तशीच राहते. २०० चे ५० झाले, म्हणून कोऱ्या गावठाणात मिळकत पत्रिका उगवत नाही, चाळीस सहहिस्सेदार एका दिवसात सह्या करत नाहीत. मोकळी होते ती ज्याचा सातबारा स्वच्छ आहे अशी जमीन, म्हणजे बहुधा नुकतीच खरेदी झालेली, कुंपण घातलेली. ज्याच्यासाठी दार उघडले असे सांगितले जाते तो उंबऱ्याबाहेरच उभा असतो आणि आत शिरतो तो दुसराच. आज्ञापत्रातील क्रम येथे नेमका उलटा झालेला दिसतो.

किनाऱ्याची सैल झालेली शिस्त शेवटी कोणाला फळते, याचे पुरावे दुर्मीळ नाहीत. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर फरारी हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडावा लागला. जानेवारी २०२० मध्ये केरळातील मरडूचे चार निवासी संकुल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जमीनदोस्त झाले. तेथे सदनिका विकत घेणाऱ्यांची फसगत झाली, हे मान्य. पण आकाशाला भिडणारे मनोरे कागदांवाचून उभे राहिले नव्हते. कागद होते, ते चुकीचे होते. मालवणच्या घरात माणसे बरोबर आहेत, कागद नाही.

दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. किनारा वाचवण्याच्या उत्साहात भरतीरेषेजवळील प्रत्येक छप्पर अतिक्रमणाच्या एकाच यादीत टाकणारे पर्यावरणप्रेमी, नकळत, रिसॉर्टवाल्यांना हवी ती घोषणा पुरवतात : ‘बघा, कायदा गरिबाच्या विरुद्ध आहे.’ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ वादळ ज्यांनी पाहिले त्यांना २०० मीटरचे शहाणपण पटवून द्यावे लागत नाही. मच्छीमाराला तर मुळीच नाही. वाळूवर भिंत आली की रापण बंद पडते, हे त्याच्याइतके कोणाला कळते? मोकळा किनारा हे त्याचे कामाचे ठिकाण आहे. तो मोकळा राहावा आणि त्यामागे त्याचे घर कायद्याने त्याचे असावे, या दोन मागण्यांत विरोध नाही.

विशेष म्हणजे कायद्याला हे माहीत आहे. २०११ च्या अधिसूचनेने १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात परंपरागत किनारी समाजांना घरे बांधण्याची मुभा दिली, पण ती एका सर्वंकष आराखड्याला जोडली : राज्याने त्या समाजांशी सल्लामसलत करून, वादळापासूनचे संरक्षण आणि स्वच्छता यांचा विचार करून तो करायचा. मच्छीमार वस्त्या, जाळी वाळवण्याच्या जागा, सामाईक जमिनी हे सारे गावपातळीच्या नकाशावर दाखवायचे. पुढील पिढ्यांना किती घरे लागतील, याचे दीर्घकालीन नियोजन करायचे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी घ्यायचे. २०१९ च्या अधिसूचनेने ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला राज्य प्राधिकरणाच्या शिफारशीची अटही ठेवली नाही; निर्णय स्थानिक संस्थेकडे दिला.

म्हणजे घर बांधण्याचा रस्ता नियमांत आखलेला आहे. त्यावर चालायला लागणारा नकाशा नसेल तर तो आखूनच राहतो. अंतराच्या आकड्यावर मोर्चे निघतात, निवडणुकीत आश्वासने मिळतात. गावठाणाच्या मोजणीसाठी, वारसनोंदीच्या शिबिरासाठी, १:४,००० च्या नकाशावर आपली होडी लावण्याची जागा दाखवली आहे का हे तपासण्यासाठी फारसा कोणी घोषणा देत नाही. आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा बंगलेवाल्याचा सल्लागार हजर असतो. त्या आठवड्यात समुद्रावर गेलेल्या माणसाला तारीखही कळलेली नसते.

एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणांवरून ड्रोन फिरू लागले. दीडशे वर्षांपूर्वी साखळी जेथे थांबली होती तेथून पुढची ही पहिली मोठी मोजणी. पण ती ग्रामीण भागाची आणि वस्तीच्या हद्दीपुरती. नगरपरिषदेच्या हद्दीतील वाडा तिच्यात नाही. आणि गावठाणाची जुनी सीमा ओलांडून वाळूच्या कडेला, सरकारी पड म्हणून नोंदलेल्या जमिनीवर उभी असलेली घरे मोजायची की नाही, हे आधी महसूल खात्याने ठरवावे लागते. किनारा आराखड्याच्या पुढच्या जनसुनावणीत विचारण्याचा पहिला प्रश्न हा आहे, आणि तो मीटरमध्ये विचारता येत नाही.