पिरूलावरची राहुटी

गेल्या वैशाखांत आमचें नऊ माणसांचें बिऱ्हाड कुमाऊंच्या डोंगरांतून बारा दिवस हिंडत होतें. काठगोदामपर्यंत आगगाडी, आणि पुढें भाड्याच्या दोन मोटारी. टपांवर राहुट्या, सतरंज्या आणि सासूबाईंची देवांची पेटी. नियम एकच, आणि तोही सासूबाईंचा: दिवसाकाठीं पन्नास किलोमीटरांहून अधिक जावयाचें नाहीं. "डोंगर कांहीं पळून जात नाहींत," असें त्या म्हणत. हा हुकूम त्यांच्या सत्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनीं काढलेला आहे हें सर्वांस ठाऊक होतें. मुलांना तो आरंभीं जाचला. पण अल्मोड्याहून कौसानीस जातांना सोमेश्वरच्या खोऱ्यांत तीं दुपारभर कोसीच्या पाण्यांत पाय सोडून बसलीं, तेव्हां तक्रार कोणाचीच उरली नाहीं. रस्त्याच्या वळणावर काफळ विकणारीं पोरें भेटत. तांबडें, आंबटगोड फळ. बी मोठी आणि गर नांवाला. धाकट्या भाऊजींनीं त्याला 'बियांचा व्यापार' म्हणून नांवें ठेविलीं आणि सर्वांत अधिक त्यांनींच खाल्लें.

कौसानी सुमारें १८९० मीटर उंचीवर, कोसी आणि गोमती यांच्या खोऱ्यांमधल्या धारेवर वसली आहे. महात्माजी १९२९ सालीं येथें राहिले होते. 'अनासक्तियोग' या आपल्या गीतेच्या अनुवादाची प्रस्तावना त्यांनीं येथेंच लिहिली. ती जागा आज अनासक्ति आश्रम म्हणून ओळखली जाते. सासूबाईंनीं तेथील अंगणांत बसून पंधरावा अध्याय म्हटला. समोरचा त्रिशूळ मात्र धुरकट हवेंत दडला होता. तो धूर कशाचा, हें विचारण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं.

त्या संध्याकाळीं, धन्याच्या परवानगीनें, एका मोकळ्या शेतांत राहुट्या ठोकल्या. स्टोव्ह बरोबर होता. पण तीन दगडांच्या चुलीवर पिठलें करावें ही हौस माझी. शेताच्या कडेस चीर पाइनचें रान होतें. या झाडांच्या सुया उन्हाळ्यांत गळतात आणि जमिनीवर वीतभर थर साचतो. तिकडे त्याला पिरूल म्हणतात. झाडांत राळ भरलेली, सुया कोरड्या खडखडीत. अशा अंथरुणावर मी चूल मांडली!

वाऱ्याची एक झुळूक आली आणि ठिणगी उडाली. पुढें काय झालें तें सांगावयास लागतो त्याहून कमी वेळांत जाळ चारी अंगांस पसरला. जाऊबाईंनीं पिण्याच्या पाण्याची कळशी ओतली, ती कोठल्या कोठें जिरली. मुलें रडूं लागलीं. तोंच गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई भारा टाकून धांवत आली. तिनें हिरवी फांदी मोडून जाळ झोडपावयास आरंभ केला आणि खालीं हांक दिली. चार-पांच बायका आल्या. त्यांनीं आगीच्या पुढचा पिरूल दाताळ्यांनीं ओढून जमीन उघडी केली. त्या पट्ट्याशीं येऊन जाळ निमाला. आमच्या घरच्या माजघराएवढी जागा काळी झाली होती.

त्या बायका एक शब्दही रागाचा बोलल्या नाहींत, याचीच मला अधिक लाज वाटली. मग बोलतां बोलतां कळलें कीं तें रान वनपंचायतीचें. त्यांच्या म्हशींचें गवत तेथलें. याच कुमाऊंत १९२१ सालीं सरकारी जंगल-कायद्यांच्या संतापानें लोकांनीं रानें पेटविलीं होतीं. पुढें १९३१ च्या नियमांनीं गांवांच्या हातीं रानें सोंपविण्याची सोय झाली, आणि तेव्हांपासून तीं राखण्याचें ओझें बहुधा या बायकांच्याच डोक्यावर आहे. ओझें म्हणजे किती, तें १३ जून २०२४ रोजीं बिनसर अभयारण्यांत दिसलें. वणवा विझवावयास गेलेले चार वनकर्मचारी त्याच दिवशीं प्राणांस मुकले. बिनसर कौसानीहून फार दूर नाहीं.

सासूबाईंनीं हात जोडले. "चूक आमच्या घराची आहे," असें त्यांनीं आपल्या मोडक्या हिंदींत सांगितलें. सुनेचें नांव घेतलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुढें निघणार होतों, तें राहिलें. सकाळीं आम्ही सारीं दाताळीं मागून घेऊन रानाच्या कडेचा पिरूल ओढावयास गेलों. हातांस फोड आले. सासूबाई बांधावर बसून मुलांच्या मुठींत काफळ देत होत्या. दुपारचें पिठलें शेताच्या मधोमध, स्टोव्हवर झालें.