हॉल नको, टाच दाखवा



गेल्या पावसाळ्याआधी वस्तीतला एक मुलगा घरी आला. म्हणाला, "ताई, आईसाठी जागा बघितलीय. पैसे भरायच्या आधी तुम्ही एकदा नजर टाका." आई सत्तरीची, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. घर दहा बाय बाराचं. तो रिक्षा चालवतो, बायको सकाळी सातला कंपनीत जाते. म्हातारीला दिवसभर बघायला कोणी नाही. मान खाली घालूनच बोलत होता, जणू चोरी करतोय. मी त्याला एवढंच म्हटलं की आईला ठेवण्यात लाज नाही, पण डोळे मिटून ठेवायचं नाही.

जागा म्हणजे बदलापूरकडचा एक बंगला, बारा खाटांचा. नाव लिहीत नाही, कारण अशा जागा आता जांभूळपासून वांगणीपर्यंत बऱ्याच दिसतात आणि मला एकाच दारावर दगड मारायचा नाही. मॅनेजरने हॉल दाखवला. मोठा टीव्ही, चकाचक फरशी, भिंतीवर केक कापतानाचे फोटो. मुलगा खूश. मी म्हटलं, "साहेब, जिला स्वतःला कूस बदलता येत नाही अशी एखादी आजी दाखवा." तर म्हणे आत्ता विश्रांतीची वेळ आहे. आम्ही बसून राहिलो. तासाभराने मागच्या खोलीत नेलं. चार खाटा, एक खिडकी, तीही बंद. एका आजींना विचारून त्यांच्या पायावरची चादर बाजूला केली. टाच काळी पडली होती.

एका दुपारच्या दुर्लक्षाने टाच अशी होत नाही. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाडाखालचं कातडं दबतं, तिथलं रक्त थांबतं, मांस मरतं. माकडहाड, खुबा, टाचा, कोपर या त्याच्या ठरलेल्या जागा. म्हणून नर्सिंगला पहिल्या वर्षीच शिकवतात की अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदला, पोटरीखाली उशी देऊन टाच गादीपासून उचला. यासाठी यंत्र लागत नाही, माणसं लागतात. आणि माणसांवरच खर्च वाचवला जातो.

हिशोब करून बघा. त्या बंगल्यात रात्री एकच मावशी. बारापैकी पाच जण पडून. एकेकाचं डायपर, पुसणं, कूस बदलणं यात पंधरा मिनिटं धरा. पाच जणांची सव्वा तास. दर दोन तासांनी हेच करायचं, तेही एकटीने, कमरेचा काटा ढिला होईपर्यंत. मधे कोणी उलटी केली, कोणी पडलं, तर? भिंतीवर मात्र तक्ता होता. दोन-दोन तासांच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताने, एका दमात केलेल्या. हॉस्पिटलात मीही असे तक्ते भरलेत, म्हणून ओळखता येतात.

विनयपिटकाच्या महावग्गात गोष्ट आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी विहारात ऐकली असेल. तथागत आनंदाला घेऊन भिक्षूंच्या निवासांची फेरी करत होते. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला दिसला. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने धुतलं. मग डोक्याकडून बुद्धांनी आणि पायाकडून आनंदाने उचलून त्याला खाटेवर ठेवलं. माझं नर्सचं डोकं दर वेळी त्याच ठिकाणी अडकतं: उचलायला दोघे होते. आणि फेरी न सांगता झाली होती.

त्या मावशीवर राग काढू नका. ती आपल्याच वस्त्यांमधून जाते, बारा-बारा तासांची ड्युटी करते. तिला बाजूला घेऊन प्रेमाने विचारा, "किती महिने झाले इथं? सुट्टी मिळते का? पगार वेळेवर होतो?" सगळ्याच बाया महिना-दीड महिन्याच्या नव्या असतील तर मला तिथे दुसरं काही बघावं लागत नाही. तिनेच मला हळूच सांगितलं की संध्याकाळनंतर पाणी कमी द्यायला सांगितलंय, डायपर वाचतात. आपल्या लोकांनी सगळ्यात जास्त लक्ष कुठे द्यावं तर इथे. तांब्या-पेला हाताला लागेल असा आहे का? जीभ सुकलीय का? लघवीच्या पिशवीत गडद पिवळं दिसतंय का? पाणी तोडलं की लघवीला जंतुसंसर्ग होतो, माणूस बरळायला लागतो, मग "वेड लागलं" म्हणून झोपेची गोळी. दुपारी चारलाही सगळी खोली गाढ झोपलेली असेल तर कोणती गोळी, कोणत्या डॉक्टरने लिहिली, ते कागदावर मागा. वजनाची वही मागा. दर महिन्याला वजन घेत नसतील तर म्हातारं माणूस खंगतंय हे कळायला हाडं दिसायची वाट बघावी लागते.

पाटीवरच्या नोंदणी क्रमांकाने भुलू नका. तो बहुतेक वेळा ट्रस्टचा असतो. ट्रस्ट नोंदलाय एवढंच त्याने कळतं, रात्री किती माणसं जागी असतात ते नाही.

बोलता न येणाऱ्यांचं काय होतं ते आपल्या जवळपासच घडून गेलंय. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, कवडासच्या मतिमंद मुलांच्या आश्रमातल्या उपासमारीच्या आणि अत्याचाराच्या बातम्या २०१० मध्ये आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाने नेमलेली समिती अशा इतर संस्थांमध्ये फिरू लागली, तेव्हा २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या कल्याणी महिला बालिका सेवा संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. बाहेरचं कोणी आत जाऊन त्या मुलींशी बोलेपर्यंत त्या गप्प होत्या.

अशा जागांत आडनावही विचारलं जातं. एका ठिकाणी मला सांगितलं, "स्वयंपाकाच्या बाया वेगळ्या, साफसफाईच्या वेगळ्या." नर्स म्हणून मला ते बरं वाटलं, कारण डायपर काढलेला हात भाकरीला लागू नये. मग विचारलं की कोण कुठली? उत्तर ऐकून कळलं की ही वाटणी साबणाची नव्हती, जातीची होती. तिथे आपल्या आजोबांचं ताट कुठे ठेवतात ते जेवणाच्या वेळी जाऊन बघा.

आणि उल्हास नदी विसरू नका. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती. २००५ तर आपल्या घराघरात आठवतं. तळमजल्यावर पाच जण पडून असतील तर रात्री पाणी शिरल्यावर त्यांना वर कोण नेणार, हे मी त्या मॅनेजरला विचारलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

सरकारने काय केलं, असं तुम्ही विचाराल. ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे, आपल्या राज्याचे २०१० चे नियम आहेत. जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठ राहतील असा वृद्धाश्रम, असं त्या कायद्यात आहे, पण शासन तो "स्थापन करू शकेल" अशा भाषेत. त्या "शकेल"मुळे रिक्षावाल्याच्या आईला बंगल्यात जावं लागतं. श्रावणबाळ योजनेच्या पंधराशे रुपयांत महिन्याचे डायपरही येत नाहीत. ही मागणी आपण मोर्चात ठेवली पाहिजे, आणि मी ठेवते. पण मोर्चाचा निकाल लागेपर्यंत टाच थांबत नाही.

त्या मुलाने आईला तिथे ठेवलं नाही. दुसरी जागा मिळाली, साधी, जुन्या फरशीची. रात्री दोघी जणी. घरमालकीण म्हणाली, "कधीही या, फक्त चपला बाहेर काढा." तरीही आमच्या महिला मंडळाने पाळी लावली आहे. रविवारच्या वंदनेनंतर दोघी जणी निघतात, फोन न करता, कधी जेवणाच्या वेळी, कधी रात्री आठला. ज्यांना भेटायला कोणीच येत नाही त्यांच्या खाटेशी आधी बसतात. कुठे मारहाण, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं दिसलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. रात्री ११२. ठाण्याच्या समाज कल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पाळीत अजून बाया हव्या आहेत. नर्स असायची गरज नाही, चादर उचलायची हिंमत असली की पुरे.