ओकची पिंपे आणि वाइनचा घटता खप: दीडशे वर्षांच्या झाडाला एका हंगामाचा फटका

जगभर वाइनचा खप घटत आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगात सुमारे २,१४२ कोटी लिटर वाइन खपली. १९६१ नंतरचा तो तोपर्यंतचा सर्वांत कमी खप होता. फ्रान्सच्या बोर्दो भागात २०२३ मध्ये हेक्टरी ६,००० युरो अनुदान देऊन ९,५०० हेक्टरपर्यंतच्या द्राक्षबागा काढण्याची योजना आली. पुढे देशपातळीवर हेक्टरी ४,००० युरोची दुसरी योजना आली. बागा निघाल्याच्या बातम्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. मात्र त्याच बागांवर अवलंबून असलेला लाकडी पिंपांचा व्यवसायही अडचणीत आहे, त्याची चर्चा कमी झाली.

मध्यंतरी दिंडोरी तालुक्यातील शिवारफेरीत वाइन द्राक्षाच्या एका बागायतदाराने विचारले, ‘‘साहेब, पिंप म्हणजे शेवटी भांडंच ना? मग त्याच्या नावावर बाटली एवढी महाग कशी?’’ याचे उत्तर पिंप कसे तयार होते, यात आहे.

पीक दीडशे वर्षांचे

फ्रान्समध्ये पिंपांसाठी ओकच्या दोन जाती वापरतात: क्वेर्कस पेट्रिया आणि क्वेर्कस रोबर. मध्य फ्रान्समधील ट्रॉन्से हे त्यासाठीचे सर्वांत नावाजलेले जंगल. सतराव्या शतकात राजा चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने नौदलाच्या जहाजांना लाकूड मिळावे म्हणून या जंगलाची शिस्तबद्ध जोपासना सुरू केली. जहाजे पुढे लोखंडाची झाली आणि ते लाकूड पिंपांच्या कामी आले. झाडे दाट वाढवून टप्प्याटप्प्याने विरळणी करतात. त्यामुळे खोड सरळ, बिनगाठीचे राहते आणि वाढीची वलये बारीक पडतात. तोडणी साधारण १५० ते २०० वर्षांनी होते. सरकारी जंगलातील लाकूड वनखाते लिलावाने विकते.

करवत नाही, फोडणी

फ्रेंच ओकचा ओंडका शिरांच्या दिशेने फोडतात. आडवातिडवा चिरला तर लाकडातील सूक्ष्म नळ्या कापल्या जातात आणि पिंप पाझरते. फोडून फक्त गाभ्याच्या फळ्या घेतल्या जातात, बाहेरचे फिके लाकूड बाजूला पडते. परिणामी सुमारे ५ घनमीटर लाकडातून १ घनमीटर फळ्या मिळतात आणि त्यातून साधारण १० पिंपे होतात. अमेरिकी पांढऱ्या ओकच्या नळ्या नैसर्गिकरीत्या अधिक घट्ट बुजलेल्या असतात. त्यामुळे तो करवतीने चिरता येतो, नासाडी कमी होते आणि पिंप स्वस्त पडते.

दोन-तीन पावसाळे उघड्यावर

फळ्या वखारीत थप्पी लावून २४ ते ३६ महिने उघड्यावर ठेवतात. ऊन, वारा आणि पाऊस यांमुळे ओलावा उतरतो आणि तुरट टॅनिन धुऊन जाते. लाकडावर वाढणाऱ्या बुरशीही चव सौम्य करण्यास मदत करतात. भट्टीत लाकूड लवकर सुकते, पण हा बदल तसा होत नाही. याचा अर्थ, आज विकल्या जाणाऱ्या पिंपाचे लाकूड कारागिराने तीन वर्षांपूर्वीच्या दराने घेतलेले असते.

आग, पाणी आणि पट्टे

साधारण ३० फळ्या टोकांकडे निमुळत्या रंधून एका पट्ट्यात गोलाकार उभ्या करतात. खालचा भाग परकराच्या घेरासारखा उघडा असतो. मध्ये ओकच्याच तुकड्यांचा विस्तव ठेवून बाहेरून पाणी शिंपडतात. उष्णता आणि ओलाव्याने लाकूड नरम पडले की तारेच्या फासाने घेर आवळतात. मग पट्टे ठोकत फुगीर पोटाकडे नेतात. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात. इथे पट्टा थंडच असतो, ठोकत नेला की आवळत जातो. खिळा किंवा गोंद फळ्या जोडायला वापरत नाहीत.

यानंतर आतली बाजू भाजतात. हलकी, मध्यम की जास्त, हे वायनरी सांगते. भाजल्याने लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलाचा आणि शर्करायुक्त घटकांपासून कॅरॅमलचा स्वाद येतो. अमेरिकी ओकमध्ये नारळासारखा स्वाद अधिक असतो. शेवटी दोन्ही टोकांना आतून खाच पाडून गोल झाकणे बसवतात, खाचेत कणकेचे लुकण भरतात आणि गरम पाणी भरून गळती तपासतात.

फटका नेमका कुठे बसतो?

बोर्दोच्या पद्धतीचे पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ३०० बाटल्यांचे. नव्या फ्रेंच पिंपाची किंमत साधारण ८०० ते १,००० युरो धरली, तर पहिल्याच वाइनवर सगळा खर्च टाकल्यास बाटलीमागे अडीच ते साडेतीन युरो पडतात. तीन-चार वर्षांत पिंपाचा स्वाद ओसरतो आणि नवे घ्यावे लागते. वाइन विकली जात नसेल तर वायनरी जुनेच पिंप आणखी एक वर्ष वापरते किंवा स्टीलच्या टाकीत ओकचे तुकडे टाकते. युरोपीय संघाने या तुकड्यांना २००६ मध्ये परवानगी दिली. पिंप बनवणाऱ्याला मात्र तीन वर्षे सुकत पडलेले महाग लाकूड परत करता येत नाही.

अमेरिकेतही हेच दिसते. बर्बन व्हिस्कीला कायद्याने नवे ओक पिंपच लागते, तरीही ब्राऊन-फॉरमन कंपनीने लुईव्हिल येथील आपला पिंप कारखाना बंद करण्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले.

नाशिकच्या बागायतदारासाठी अर्थ

आपल्याकडे ओकची पिंपे आयात होतात. शिवाय एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकडातून वाइन उडून जाते, म्हणून थंड, दमट खोली लागते. त्यामुळे पिंपात ठेवायची वाइन वायनरी निवडूनच ठरवते. लाल वाइनच्या बागायतदारांनी पुढील गोष्टी पाहाव्यात:

- शिराज किंवा कॅबरने सॉव्हिन्योंची द्राक्षे टाकीसाठी आहेत की पिंपासाठी, हे छाटणीपूर्वीच वायनरीकडून समजून घ्या.
- पिंपासाठी केवळ ब्रिक्स पुरेसे नाही. बी तपकिरी झाले का, सालीचा रंग भरला का, तेही पाहा.
- वायनरीने उत्पादन कमी ठेवण्यास सांगितले तर दराचा हिशेब करा. एकरी ५ टनांऐवजी ४ टन घ्यायचे असतील, तर दर २५ टक्के वाढला तरच उत्पन्न तेवढे राहते. हा वाढीव दर करारात लिहून घ्या.
- खरेदीचा लेखी करार हातात नसताना लाल वाणांची नवी लागवड करू नका.

त्या बागायतदाराला दिलेले उत्तर असे: पिंप भांडेही आहे आणि मसालाही. पण कच्च्या द्राक्षाचा दोष ते झाकत नाही. बाजार पडला की वायनरी पहिली काटकसर नव्या पिंपात करते. तिची पिंपखरेदी कमी झाल्याचे कानावर आले, तर पुढच्या हंगामातील लाल द्राक्षाच्या मागणीची चौकशी लगेच करा.