विश्लेषण : ओटीटीच्या काळात फिल्म सोसायट्या कशासाठी? विनाप्रमाणपत्र चित्रपट दाखवणे इतके अवघड का?

डिसेंबर २०२५ मध्ये तिरुअनंतपुरममध्ये भरलेल्या केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात (आयएफएफके) १९ चित्रपटांचे खेळ अडकले. सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय ते दाखवण्यासाठी लागणारी सूट केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वेळेत दिली नव्हती. पॅलेस्टाइनविषयीच्या चित्रपटांबरोबरच सर्गेई आयझेनस्टाइन यांचा १९२५ सालचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा मूकपटही या यादीत होता. टीकेनंतर यातील बऱ्याच चित्रपटांना परवानगी मिळाली. पण या प्रकरणाने एक जुना प्रश्न वर काढला. राज्य सरकारचे पाठबळ असलेल्या मोठ्या महोत्सवाची ही गत असेल, तर एखाद्या शहरात शंभर खुर्च्यांच्या सभागृहात महिन्यातून एकदा परदेशी किंवा स्वतंत्र चित्रपट दाखवणाऱ्या फिल्म सोसायटीचे काय?

फिल्म सोसायटी म्हणजे नेमके काय?

सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, नफा न कमावणारी आणि चित्रपटगृहांत सहसा न येणारे चित्रपट दाखवणारी संस्था, अशी तिची साधी ओळख. खेळानंतर होणारी चर्चा हा तिचा तितकाच महत्त्वाचा भाग. भारतात या चळवळीला आकार आला तो १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी स्थापन केलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीपासून. या सोसायटीने सुरुवातीलाच दाखवलेला चित्रपट होता ‘बॅटलशिप पोटेमकिन’. म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी मूठभर तरुणांनी जो चित्रपट पाहिला, तोच ७८ वर्षांनंतर परवानगीच्या फाइलमध्ये अडकला.

१९५९ मध्ये देशातील सोसायट्या एकत्र आल्या आणि फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाली. पहिले अध्यक्ष राय होते, तर सचिवपदाची जबाबदारी दासगुप्ता यांच्यासह विजया मुळे यांच्याकडे होती. मुंबईत जन्मलेल्या मुळे यांनी पाटण्यात आणि नंतर दिल्लीत ही चळवळ रुजवली. दूरदर्शनवर गाजलेली ‘एक अनेक और एकता’ ही अॅनिमेशन फिल्म त्यांचीच.

महाराष्ट्रात ही चळवळ कुठे पोहोचली?

मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेले प्रभात चित्र मंडळ आजही सुरू आहे. ‘वास्तव रूपवाणी’ हे चित्रपटविषयक मराठी नियतकालिक या मंडळाचेच. मंडळाचे एक संस्थापक सुधीर नांदगावकर यांनी पुढे मुंबईतील ‘मामि’ आणि ‘थर्ड आय’ आशियाई महोत्सवांच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि शेजारची फिल्म इन्स्टिट्यूट यांमुळे वातावरण वेगळेच होते. संग्रहालयाच्या वितरण विभागातून देशभरातील सोसायट्यांना अभिजात चित्रपटांच्या प्रती मिळत. ‘आशय’सारखा फिल्म क्लब आणि २००२ पासूनचा पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव याच मातीत वाढले. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी, तर छत्रपती संभाजीनगरमध्ये अजिंठा-वेरूळ महोत्सव यांनी हा प्रेक्षक मुंबई-पुण्याबाहेर नेला. मॅक्सम्युलर भवन, अलियाँस फ्राँसेज यांसारखी परदेशी सांस्कृतिक केंद्रे आपापल्या देशांचे चित्रपट दाखवत आली आहेत.

अर्थात, सोसायट्यांच्या सुवर्णकाळात सगळेच सभासद अभ्यासू होते असे नाही. कात्री न लागलेली दृश्ये बघायला मिळतात म्हणून वर्गणी भरणारेही बरेच होते. दूरचित्रवाणी आणि व्हिडीओ घरोघरी पोहोचल्यावर ही गर्दी ओसरली आणि अनेक सोसायट्या बंद पडल्या.

प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवता येतो का?

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चित्रपटाचे सार्वजनिक प्रदर्शन करायचे तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय चित्रपट दाखवणे हा कैद आणि दंडास पात्र गुन्हा आहे. प्रेक्षागृह एक हजाराचे की पन्नासाचे, तिकीट होते की नव्हते, याने मूळ नियम बदलत नाही. ही पूर्वतपासणी घटनेत बसते का, हा वादही न्यायालयात गेला होता. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या माहितीपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये सेन्सॉरची तरतूद वैध ठरवली.

याच कायद्याच्या कलम ९ मध्ये एक वाट ठेवलेली आहे. केंद्र सरकार लेखी आदेशाने, योग्य वाटतील त्या अटी घालून, एखाद्या चित्रपटाला किंवा चित्रपटांच्या गटाला या तरतुदींतून सूट देऊ शकते. महोत्सव चालतात ते या कलमावर. आयोजकांनी चित्रपटांची यादी आणि कथासार मंत्रालयाकडे आधी पाठवायचे आणि खेळ फक्त नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरते ठेवायचे, ही त्याची पद्धत. फिल्म सोसायट्यांनाही १९६० च्या दशकात फेडरेशनच्या पाठपुराव्यामुळे सभासदांपुरत्या, अव्यावसायिक खेळांसाठी सवलत मिळाली. सोसायटीच्या दारात तिकीट मिळत नाही, आधी सभासद व्हावे लागते, यामागचे कारण हेच.

मग अडचण कुठे येते?

अडचण ‘सूट’ या शब्दातच आहे. सूट हा हक्क नव्हे. ती देणे न देणे सरकारच्या हाती असते. त्यामुळे तिचा वापर नको असलेले विषय गाळण्यासाठी होतो, असा आक्षेप वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या काळात घेतला गेला आहे.

केंद्रात वाजपेयी सरकार असताना मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाच्या २००४ च्या आवृत्तीसाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. परदेशी माहितीपटांना मात्र ती नव्हती. माहितीपटकारांच्या मोहिमेनंतर अट मागे घेतली गेली. पण गुजरात दंगलीवरील राकेश शर्मा यांच्या ‘फायनल सोल्यूशन’सह अनेक माहितीपट निवडीतच वगळले गेले. त्यावर माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. पुढे जुहूच्या पृथ्वी हाऊसमध्ये ‘विकल्प’चे नियमित खेळ होऊ लागले. नाट्यगृहाच्या शेजारचे छोटे सभागृह, मोफत प्रवेश आणि नंतर दिग्दर्शकाशी गप्पा, हे रूप त्यातून रुजले.

जून २०१७ मध्ये केरळच्या माहितीपट महोत्सवात रोहित वेमुला, जेएनयू आणि काश्मीर या विषयांवरील तीन माहितीपटांना सूट नाकारली गेली. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फीत ज्युरींनी निवडलेले सनलकुमार ससिधरन यांचा ‘एस दुर्गा’ आणि रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ हे चित्रपट मंत्रालयाने इंडियन पॅनोरमातून काढले. ज्युरींचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयाने ‘एस दुर्गा’ दाखवण्याचा आदेश दिला, तरीही तो गोव्यात दाखवला गेला नाही. उलट त्याच्या प्रमाणपत्राचीच फेरतपासणी सुरू झाली.

मोठा महोत्सव अशा वेळी न्यायालयात जाऊ शकतो, त्याच्यासाठी मुख्यमंत्री बोलू शकतात. छोटी सोसायटी यांपैकी काहीच करू शकत नाही. ती वाद होऊ शकेल असा चित्रपट आधीच टाळते. नकाराचा कागद निघत नाही, बातमी होत नाही आणि काय वगळले गेले हे प्रेक्षकाला कळतही नाही.

ओटीटीवर सगळे मिळत असताना सोसायटी हवी कशाला?

पहिली गोष्ट, ओटीटीवर सगळे मिळत नाही. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ हा उत्तर भारतातील एका महिला शिपायाची गोष्ट सांगणारा हिंदी चित्रपट ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला होता. सेन्सॉरने सुचवलेल्या काटछाटीमुळे तो भारतात चित्रपटगृहांत आला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओटीटीवर यायचा होता, तेही थांबले. जुने जागतिक चित्रपट, माहितीपट, लघुपट यांच्या बाबतीत तर प्लॅटफॉर्मचा करार संपला की चित्रपट यादीतून गायब होतो.

दुसरी गोष्ट, कायद्यातील विसंगती. ओटीटीवरील चित्रपटांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्लॅटफॉर्म स्वतःच वयोगट ठरवतात, सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र नसलेला एखादा चित्रपट लाखो घरांत एकाच रात्री कायदेशीररीत्या पाहिला जाऊ शकतो. पण तोच चित्रपट ऐंशी प्रौढ माणसांनी एका सभागृहात एकत्र पाहायचा म्हटले, तर सरकारची परवानगी लागते. पूर्वतपासणीचे समर्थन ‘चित्रपटाचा लोकांवर मोठा परिणाम होतो’ या युक्तिवादावर उभे आहे. आज मोठा परिणाम कुठे होतो आणि बंधन कुठे आहे, याचा मेळ बसत नाही.

ओटीटीचे वर्गणीदार असलो तर तो चित्रपट सभागृहात दाखवता येतो का?

नाही. ओटीटीची वर्गणी घरगुती, वैयक्तिक वापरासाठी असते. डीव्हीडी विकत घेतली म्हणून सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही, तसेच हे. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून त्या खेळापुरते हक्क घ्यावे लागतात. काही मोजक्या माहितीपटांच्या शैक्षणिक खेळांना नेटफ्लिक्ससारखी कंपनी मुभा देते, पण तो अपवाद. कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून जुने अभिजात चित्रपट सोसायट्यांना तुलनेने सोपे जातात. मात्र नव्याने दुरुस्त केलेली चांगली प्रत ज्याच्याकडे असते, त्याची परवानगी आणि मदत व्यवहारात लागतेच.

प्रमाणपत्र आणि हक्क मिळाले, तरी सभागृहाचे भाडे, प्रोजेक्शनचा दर्जा आणि उपशीर्षके राहतातच. आजची डिजिटल प्रत अनेकदा ठरावीक तारखा-वेळांतच उघडणाऱ्या सांकेतिक किल्लीसह येते आणि ती चालवणारी यंत्रणा नाट्यगृहांत सहसा नसते. परदेशी चित्रपटांची उपशीर्षके बहुधा इंग्रजीत असतात. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रेक्षकाला कोरियन किंवा इराणी चित्रपट दाखवायचा, तर ही सर्वांत उंच पायरी ठरते.

याचा मराठी चित्रपटाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला २०२३ मध्ये टोरांटोत नेटपॅक पुरस्कार मिळाला, चित्रपटगृहांत तो आला मार्च २०२५ मध्ये. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवला. असे चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागतात तेव्हा खेळ मोजके असतात, वेळा गैरसोयीच्या असतात आणि आठवड्याभरात ते उतरतात. तालुक्याच्या गावी तर ते पोहोचतच नाहीत. विदर्भातल्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगणारा ‘स्थळ’ टोरांटोत आधी आणि इथे दीड वर्षाने, हे चित्र बदलायचे तर मल्टिप्लेक्सखेरीज दुसरी साखळी लागते. सोसायट्या, महाविद्यालयांचे फिल्म क्लब, वाचनालये आणि कलाकेंद्रे मिळून ती साखळी उभी राहू शकते. केरळमध्ये अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘चित्रलेखा’पासून (१९६५) सोसायट्या गावोगावी पसरल्या. तिथल्या महोत्सवाला आज मिळणारी गर्दी ही त्या मशागतीचे पीक आहे.

मग उपाय काय?

कायदा मोडीत काढावा लागेल असे नाही. कलम ९ मध्ये ‘चित्रपटांच्या गटाला’ सूट देण्याची सोय आधीपासून आहे. नोंदणीकृत, ना-नफा संस्थेने फक्त प्रौढ सभासदांसाठी, ठरावीक आसनसंख्येच्या आत केलेल्या खेळांना सरसकट सूट देता येईल. प्रत्येक चित्रपटाची फाइल दिल्लीला पाठवण्याऐवजी केवळ पूर्वसूचना पुरेशी ठरू शकते. कायदा-सुव्यवस्थेचे अधिकार त्यानंतरही पोलिसांकडे राहतातच. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली; चाचेगिरीला कडक शिक्षा आणि यूए गटाचे ७, १३ व १६ वर्षे असे उपगट आले. छोट्या, अव्यावसायिक खेळांचा प्रश्न मात्र तेव्हाही सुटला नाही.

राज्याच्या हातातही बरेच आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील नाट्यगृहे आणि सांस्कृतिक भवने अनेक दिवस रिकामी असतात. त्यांतील एक दिवस सवलतीच्या भाड्याने सोसायट्यांना देणे, चांगल्या प्रोजेक्टरची सोय करणे आणि निवडक जागतिक चित्रपटांच्या मराठी उपशीर्षकांना अनुदान देणे यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. चित्रपटाच्या निर्मितीला अनुदान देणाऱ्या राज्याने तो बघणारा प्रेक्षक घडवण्याकडेही तितकेच लक्ष दिले, तर पुढचा ‘स्थळ’ आपल्या गावात पोहोचायला टोरांटोहून वाट काढत यावा लागणार नाही.